शकुंतलेचे पद शकुंतलेच्याच तोंडी

बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–१८८५) यांनी कालिदासाची शकुंतला मराठीत आणली, एवढे सांगून आपण बहुधा थांबतो. माझ्या मते ती जिवंत झाली ती भाषांतराने नव्हे, तिचे गाणे तिच्याच गळ्यात घातल्याने. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत सुरू केलेल्या परंपरेत सीता समोर उभी असे, पण तिचा शोक सूत्रधार आणि त्याचे साथीदार गात; मग ती आयत्या वेळी सुचेल ते बोले. प्रेक्षकाला सीतेविषयी कळे, सीतेकडून नव्हे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक झाले, तेव्हा सूत्रधार प्रस्तावनेपुरता उरला आणि भाषणे ठरलेली, पाठ केलेली आली. चौथ्या अंकात सासरी निघालेली शकुंतला वेलीला मिठी मारते, हरणाचे पाडस तिचे वस्त्र ओढते. त्या क्षणी दुसराच कोणी गाऊ लागला, तर ती नुसती बाहुली ठरते.

पात्रानेच गावे ही कल्पना पारशी मंडळींच्या नाटकावरून सुचली, असे सांगितले जाते; त्रिलोकेकरांचे संगीत ‘नल-दमयंती’ही आधीचेच. दोन्ही मान्य. पण किर्लोस्कर ज्या मुलखात वाढले, तिथे पात्राने स्वतः गाणे हे नवल नव्हतेच. याच जिल्ह्यातल्या कुलगोडच्या तम्मण्णांच्या कन्नड ‘श्रीकृष्ण पारिजाता’त सत्यभामा आपला रुसवा आपणच गाते. चुरमुरी शेषगिरीरावांचे कन्नड ‘शाकुंतल’ही १८७०चे. साकी-दिंडीबरोबर कर्नाटकी चाली किर्लोस्करांच्या पदांत सहज मिसळल्या, त्या या शेजारामुळे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाच्या गदारोळात हे देणे विसरले जाते, याचे वाईट वाटते.

पुरुषाने रंगवलेली शकुंतला खरी कशी वाटणार, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण किर्लोस्करांच्या नाटकांत भाऊराव कोल्हटकरांनी स्त्रीभूमिका गाजवल्या त्या मुख्यतः आवाजावर. प्रेक्षकाचा विश्वास आधी कानाने बसला, डोळे मागून आले. स्त्रियांना रंगभूमीबाहेर ठेवणे अन्यायच होता, त्याचे समर्थन यातून निघत नाही.

किर्लोस्कर अवघ्या ४२व्या वर्षी गेले. बेळगावात त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली किर्लोस्करांच्याच नाटक मंडळीसाठी ‘शारदा’ उभी केली. तिच्या पाठीशी ना पुराण होते, ना कालिदास.