फ्रँकफुर्टला जाताना

चाकण-भोसरी पट्ट्यातील वाहनांच्या सुट्या भागांचा व्यवसाय करणारे आपले अनेक साधर्मिक बंधू फ्रँकफुर्टच्या ऑटोमेकॅनिका प्रदर्शनास जातात. सोयीचे म्हणून बरेच जण मुख्य रेल्वे स्थानकासमोर उतरतात. तेथील टाउनुसस्ट्रासेच्या परिसरात अमली पदार्थांचा वावर उघड आहे; रात्री त्या गल्ल्या टाळाव्यात.

खरी जोखीम मात्र सायंकाळच्या घाईत असते. सप्टेंबरात सूर्यास्त साडेसातच्या सुमारास होतो. चौविहार पाळणारा प्रवासी प्रदर्शन आटोपताच गर्दीच्या गाडीत शिरतो; लक्ष घड्याळाकडे, पाकीट मागच्या खिशात. खिसेकापूस याहून अधिक काय हवे? खाकरा-ठेपले जवळ असल्यास ही धावपळच उरत नाही. कोणी पोलीस असल्याचे सांगून पाकीट पाहण्यास मागितले, तर ते हाती देऊ नये. ११० क्रमांकावर दूरध्वनी करावा.

रोकड गेली तर भरून काढता येते. पासपोर्टासोबत मात्र व्हिसाही जातो. पोलिसांत तक्रार, मग तेथील भारतीय वाणिज्य दूतावासाच्या खेपा, आणि ठरलेल्या व्यापारी भेटी बुडतात त्या वेगळ्याच. पासपोर्ट अंगरख्याच्या आतील खिशात, त्याची एक छायाप्रत सामानात आणि दुसरी घरी ठेवावी.