घरच्या बिअरचे आंबवण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरी बिअर करणे हा ज्या देशांत आज सर्वमान्य छंद आहे, तेथेही कायद्याने त्याला दिलेली मोकळीक अलीकडचीच आहे. ब्रिटनमध्ये १८८० च्या कायद्यानुसार घरगुती बिअरसाठी परवाना लागत असे आणि ती अट अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांच्या १९६३ च्या अर्थसंकल्पाने दूर झाली. अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी १९३३ मध्ये उठली, तरी घरगुती बिअरला केंद्रीय कायद्याची संमती मिळण्यासाठी १९७८ साल उजाडावे लागले, आणि अलाबामा व मिसिसिपी या राज्यांनी तर आपले निर्बंध २०१३ मध्ये सोडले. त्या दीर्घ काळात हे ज्ञान बहुतांशी तोंडोतोंडी पसरले, मिळेल ते जुनाट माल्ट-अर्क आणि पावाचे यीस्ट वापरून बिअर होत राहिली, आणि त्या साहित्याच्या उणिवांवर शोधलेले तात्पुरते उपाय पुढे नियम म्हणून रूढ झाले. आज साहित्य सुधारले आहे, पण ते नियम अजून टिकून आहेत, आणि बिघडलेल्या बिअरची कारणे शोधताना तेच पुष्कळदा दिशाभूल करतात.

सर्वांत मोठी भीती विषबाधेची असते. घरी केलेल्या दारूने दृष्टी जाते हा समज महाराष्ट्रात विशेष खोल रुजलेला आहे आणि त्यामागे खऱ्या शोकांतिका आहेत. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. परंतु अशा घटनांत मारक ठरते ते मिथेनॉल, म्हणजे औद्योगिक वापराचे विषारी अल्कोहोल, आणि ते दारूत बाहेरून मिसळलेले असते. आंबवण्याच्या क्रियेत मिथेनॉल तयार होते ते मुख्यतः फळांच्या सालींतील व गरातील पेक्टिन या घटकापासून, आणि माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवामध्ये, पेक्टिन अगदी थोडे असल्यामुळे बिअरमध्ये ते अपाय होण्याइतके निर्माणच होत नाही. शिवाय हातभट्टीप्रमाणे बिअर गाळली जात नाही, त्यामुळे उकळून वाफ थंड करताना एखादा घटक एकवटण्याचा प्रश्नही येत नाही. विषाचा प्रश्न आणि कायद्याचा प्रश्न मात्र वेगळे ठेवले पाहिजेत: १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार महाराष्ट्रात परवान्यावाचून कोणतेही मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि घरगुती बिअर त्याला अपवाद नाही. ब्रिटन किंवा अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी मंडळी हा छंद कायद्याच्या चौकटीत जोपासू शकतात, पण तेथेही घरची बिअर विकता येत नाही.

रोगजंतूंची भीतीही अशीच अर्धी खरी आहे. पूर्ण आंबलेल्या बिअरमध्ये अल्कोहोल असते, तिची आम्लता साधारण ४ ते ४.५ पीएच इतकी असते, तिच्यात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि हॉप्स या वेलीच्या फुलांतील कडू द्रव्ये अनेक जिवाणूंना वाढू देत नाहीत. या चारही गोष्टी एकत्र आल्यामुळे मानवाला आजारी पाडणारे जंतू तेथे सहसा टिकाव धरत नाहीत. बिघडलेली बिअर आंबट, चिकट किंवा दुर्गंधीयुक्त होते, पण ती बहुधा पिण्यास नकोशी असते, घातक नसते. हे आश्वासन न आंबलेल्या वर्टला मात्र लागू नाही. वर्ट म्हणजे दळलेला माल्ट सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर भिजवून काढलेला गोड रस, जो पुढे हॉप्ससह उकळला जातो. त्याचा पीएच ५ च्या वर असतो आणि घातक बोट्युलिझम घडवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू उकळण्याने मरत नाहीत, म्हणून उकळलेला वर्ट हवाबंद डब्यात भरून दिवसचे दिवस तसाच ठेवण्याची पद्धत धोक्याची आहे. वर्ट थंड झाल्यावर त्यात लवकरात लवकर यीस्ट घालणे हा चवीइतकाच सुरक्षिततेचाही नियम आहे.

यीस्ट घातल्यानंतरचा सर्वांत चिवट गैरसमज बुडबुड्यांचा. आंबवणाच्या भांड्याच्या झाकणावर एअरलॉक बसवतात, म्हणजे थोडे पाणी भरलेली अशी नळी, जिच्यातून आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो पण बाहेरची हवा आत येत नाही. या नळीतून बुडबुडे येईनासे झाले की आंबवण थांबले, आणि येत असतील तर ते चालू आहे, असे बहुतेक नवशिके धरून चालतात. प्रत्यक्षात झाकण किंचित जरी सैल असले तरी वायू त्या फटीतून निघून जातो आणि जोमदार आंबवण चालू असतानाही नळी निपचित राहते. उलट आंबवण संपल्यावर खोली तापली, तर बिअरमध्ये विरघळलेला वायू सुटून बुडबुडे पुन्हा सुरू होतात. यीस्ट घातल्यावर बारा ते चोवीस तास, कधी दोन-तीन दिवसही, वरवर काहीच घडत नाही. त्या काळात यीस्टच्या पेशी प्राणवायू शोषून आपली संख्या वाढवत असतात, आणि घाबरून भांडे पुनःपुन्हा उघडल्याने त्यांना मदत होत नाही, संसर्गाला मात्र वाट मिळते.

आंबवणाची विश्वासार्ह साक्ष हायड्रोमीटर देतो. हे द्रवात तरंगणारे काचेचे साधन पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता दाखवते: वर्टमध्ये साखर विरघळलेली असल्यामुळे त्याची घनता पाण्याच्या १.००० पेक्षा जास्त, उदाहरणार्थ १.०४८ असते, आणि यीस्टने साखरेचे अल्कोहोल केले की ती उतरून १.०१० च्या आसपास येते. दोन्ही आकड्यांतील फरकाला १३१ ने गुणले की अल्कोहोलचे आकारमानी शेकडा प्रमाण जवळपास मिळते. वरील उदाहरणात ते ५ टक्के येते. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन मापे सारखी आली, तरच आंबवण संपले असे म्हणता येते, आणि मापताना नमुना हायड्रोमीटरवर लिहिलेल्या तापमानाला, बहुधा २० अंशांना, आणावा लागतो, कारण गरम द्रव विरळ असतो व आकडा खोटा कमी दाखवतो.

या मापाकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे बाटल्या फुटतात तेव्हा कळते. बाटलीत बिअर भरताना थोडी साखर घालतात, उरलेले यीस्ट ती आंबवते आणि बंद बाटलीतच फेस तयार होतो. बाटली फुटली की दोष साखरेच्या मापाला दिला जातो. माप चुकू शकते हे खरे, पण अधिक घातक चूक असते ती आंबवण अर्धवट असताना बाटल्या भरण्याची. २० अंशांना आंबलेल्या २० लिटर बिअरला नेहमीच्या फेसासाठी साधारण १२० ग्रॅम साखर पुरते, आणि आधीच विरघळलेल्या वायूसह बिअरच्या आकारमानाच्या सुमारे अडीचपट वायू तिच्यात साठतो. घनता उतरण्यास अजून केवळ ०.००४ इतका वाव असेल, तर तेवढ्यानेच आणखी दोन पटींच्या घरात वायूची भर पडते, आणि हा ताण साध्या बाटलीच्या काचेला पेलवत नाही. फुटणाऱ्या काचेच्या कपच्यांनी गंभीर इजा होते, त्यामुळे घरगुती बिअरमध्ये खरा शारीरिक धोका मिथेनॉलचा नाही, तर या बाटल्यांचा आहे, आणि तो टाळण्यासाठी एका स्वस्त साधनापलीकडे काहीही लागत नाही.

कधी घनता १.०२० वर येऊन थबकते आणि यीस्ट मेले असे समजून नवे पाकीट ओतले जाते. काही वेळा यीस्ट खरोखरच थंडीने झोपलेले असते आणि भांडे दोन-तीन अंशांनी कोमट जागी ठेवून हलकेच ढवळले की ते जागे होते. पण पुष्कळदा कारण त्याआधीच्या टप्प्यात दडलेले असते: माल्ट भिजवताना पिष्टाची साखर करणारी दोन विकरे काम करतात, त्यांपैकी एक ६० ते ६५ अंशांना यीस्टला सहज पचणारी साखर बनवते, तर दुसरे ७० अंशांच्या आसपास यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळ्या जास्त ठेवते. थर्मामीटर दोन-तीन अंशांनी कमी दाखवत असेल तर माल्ट नकळत अधिक गरम पाण्यात भिजतो, यीस्ट आपले काम पूर्ण करते आणि तरीही घनता वरच राहते. अशा वेळी नवे यीस्ट कितीही घातले तरी त्याला खायला काही उरलेले नसते. तपासायचा तो थर्मामीटर.

बिअर पाककृतीने घडते, यीस्ट केवळ तिला आंबवते, असे मानणे ही या सर्वांच्या मुळाशी असलेली समजूत आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चन हॅन्सन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट बिअरनिर्मितीत आणले, तेव्हापासून हे स्पष्ट आहे की एकाच वर्टमधून निरनिराळी यीस्टे निरनिराळी बिअर देतात. आणि एकच यीस्ट निरनिराळ्या तापमानांना निरनिराळे वागते, हेही तितकेच खरे. एल प्रकारची बहुतेक यीस्टे १८ ते २० अंशांना, लेगरची ८ ते १२ अंशांना उत्तम काम करतात. खोलीचे तापमान तेवढे असले म्हणजे झाले, हा येथला नेमका गैरसमज, कारण आंबवताना उष्णता बाहेर पडते आणि जोर असताना भांड्यातील द्रव खोलीपेक्षा ३ ते ५ अंशांनी गरम असू शकतो. २४ अंशांच्या खोलीतील बिअर मग २८ अंशांना आंबते आणि तिला रंगपातळकाची आठवण देणारा उग्र, जळजळीत वास येतो, जो कितीही महिने मुरवला तरी पुरता जात नाही. पहिले तीन-चार दिवस निर्णायक असतात. त्या काळात भांडे पाण्याच्या टबात ठेवून त्यात बर्फाच्या बाटल्या सोडणे, हा महागड्या यंत्राइतकाच उपयोगी उपाय आहे. पश्चिम नॉर्वेच्या शेतघरांत पिढ्यानपिढ्या जपलेली क्वेइक नावाची यीस्टे ३० ते ४० अंशांनाही स्वच्छ चव देतात, पण ती त्यांची स्वतःची प्रकृती आहे, तिच्यावरून इतर यीस्टांना उष्णता मानवते असा निष्कर्ष निघत नाही.

चवीच्या दोषांचे निदान करतानाही संसर्गावर सरसकट ठपका ठेवला जातो. लोण्यासारखा वास येतो तो बहुधा डायअ‍ॅसिटिल या द्रव्याचा, जे यीस्ट स्वतः तयार करते आणि सवड मिळाल्यास स्वतःच शोषून घेते. आंबवण संपत आले की दोन-तीन दिवस तापमान थोडे वाढवून बिअर यीस्टवर राहू दिली तर तो जातो. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वासही घाईचेच लक्षण असतो. औषधी मलमपट्टीची आठवण देणारी चव मात्र पुष्कळदा पाण्यातून येते: नळाच्या पाण्यातील क्लोरीन किंवा क्लोरामाइन यांची माल्ट व यीस्टमधील फिनॉल गटाच्या द्रव्यांशी क्रिया होऊन बनणारी संयुगे जिभेला अत्यल्प प्रमाणातही जाणवतात. क्लोरीन उकळून उडते, क्लोरामाइन सहजासहजी उडत नाही, त्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची एक गोळी सुमारे ७५ लिटर पाण्याला पुरते. भांडी ब्लीचने धुऊन नीट न विसळणे हेही याच दोषाचे कारण. भांडी आधी घासून स्वच्छ करायची आणि मगच जंतुनाशकात बुडवायची असतात, कारण चिकटलेल्या मळाखाली कोणतेही जंतुनाशक पोहोचत नाही.

साखर घातली की बिअरला सायडरसारखी आंबूस चव येते, हाही जुन्या डबाबंद अर्काच्या काळाचा वारसा आहे; तेव्हा एक किलो साखर, शिळा अर्क आणि अशक्त यीस्ट असा मेळ असे. बेल्जियमची ट्रिपेल ही नामांकित बिअर साखर घालूनच होते आणि साखरेमुळेच ती हलकी व कोरडी लागते. आंबवण संपताच बिअर गाळावरून दुसऱ्या भांड्यात काढण्याचा सल्लाही आता मागे पडला आहे: मोठ्या कारखान्यांतील उंच टाक्यांच्या तळाशी यीस्टवर जो दाब पडतो तो २० लिटरच्या भांड्यात नसतो, तीन-चार आठवडे गाळावर राहिल्याने बिअर सहसा बिघडत नाही, आणि ओतताना मिसळणारा प्राणवायू मात्र तिला ओल्या पुठ्ठ्याची चव देतो.

थंड केलेली बिअर पुन्हा गरम झाली की तिला उग्र, स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यासारखा वास येतो, असे अनेकजण ठामपणे सांगतात. उष्णतेने बिअर लवकर शिळी होते हे खरे, पण तो विशिष्ट वास उजेडाने येतो: प्रकाशाची निळी व अतिनील किरणे हॉप्समधील कडू द्रव्ये मोडतात आणि त्यांतून गंधकयुक्त संयुग तयार होते, तेही कडक उन्हात काही मिनिटांत. तपकिरी काच ही किरणे बऱ्याच अंशी अडवते, हिरवी फारच थोडी अडवते, पारदर्शक जवळजवळ नाहीच. म्हणून हिरव्या बाटल्या वापरायच्याच असतील तर त्या बंद खोक्यात ठेवाव्यात, आणि काचेच्या भांड्यात बिअर आंबत असेल तर त्यावर जाड कापड घालावे.