स्पॅनिश शिकावी की चिनी? आधी बोलणार कुणाशी ते ठरवा

भिवंडी : धामणकर नाक्यावर अर्धा तास उभं राहिलं तर पाच-सहा भाषा कानावर पडतात. मराठी, आगरी, उर्दू, हिंदी-भोजपुरी, पद्मानगरची तेलुगू, मधूनच गुजराती. इथला रिक्षावाला यातल्या तीन तरी सहज बोलतो आणि त्यासाठी त्याने कुठल्याच क्लासची फी भरलेली नसते. गिऱ्हाईक रोज समोर आलं की भाषा आपोआप तोंडात बसते.

परदेशी भाषेचं तसं नसतं. तिथे गिऱ्हाईक हजारो किलोमीटर दूर आणि फी मात्र आगाऊ. पडघा, अंबाडी, वज्रेश्वरीकडून नाक्याजवळच्या बीएनएन कॉलेजात येणाऱ्या मुलामुलींच्या मोबाइलवर हल्ली स्पॅनिश आणि चिनीच्या क्लासच्या जाहिराती येतात. ‘दुसरी भाषा शिका, मोठी नोकरी मिळवा’ असा एकूण सूर. दुसरी म्हणतात खरं, पण आपल्या मुलांची ती चौथी असते. मराठी, हिंदी आणि इंग्रजी आधीच डोक्यावर आहेत. त्यामुळे वेळ आणि घरचे पैसे घालायचेच तर ते कशात घालावेत, हा प्रश्न साधा नाही.

जाहिरातीत सगळ्यात आधी लोकसंख्या सांगतात. मँडरिन चिनी मातृभाषा असलेले लोक ९० कोटींच्या वर, स्पॅनिशचे जवळपास ५० कोटी. आकडे खरे आहेत, पण त्यावरून काहीच ठरत नाही. त्या ९० कोटींपैकी तुमच्याशी कोण बोलणार आहे? चीन हा मुख्यतः एक देश, एक बाजारपेठ आणि एक सरकार. स्पॅनिश सुमारे वीस देशांची सरकारी भाषा आहे. एका देशाशी बिनसलं तरी बाकीचे उरतात. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

आधी वेळेचा हिशेब करू. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं आणि कामापुरती भाषा यायला वर्गातले किती तास लागतात याचा त्यांचा वर्षानुवर्षांचा अंदाज आहे. स्पॅनिशला साधारण ६०० ते ७५० तास, चिनीला २२००. रोज न चुकता एक तास दिला तर स्पॅनिशला दोन वर्षं आणि चिनीला सहा. हा हिशेब इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा आहे, मराठी माणसाचा थोडा वेगळा येईल. आणि कुठे वेगळा येईल ते बघण्यासारखं आहे, कारण क्लासवाले ते सांगत नाहीत.

स्पॅनिशमध्ये ‘मला आंबा आवडतो’ हे ‘मे गुस्ता एल मांगो’ असं म्हणतात. आंबे अनेक असले की ‘मे गुस्तान लोस मांगोस’. म्हणजे क्रियापद ‘मी’प्रमाणे चालत नाही, आंब्याप्रमाणे चालतं. अगदी आपल्या ‘आवडतो’, ‘आवडतात’सारखं. इंग्रजी बोलणाऱ्याला हे समजायला महिना लागतो, आपल्याला एक मिनिट. पांढरा घोडा, पांढरी गाय असं विशेषण बदलायची सवय आपल्याला आहेच, स्पॅनिशमध्येही ते बदलतं. त्यांच्याकडे लिंगं दोनच, आपल्याकडे तीन. तू आणि तुम्ही हा भेद तिथेही आहे. त्यांचे त आणि द दाताला जीभ लावूनच म्हणतात. आणखी एक गंमत. आपल्या शेजारच्या वसईत १७३९ पर्यंत पोर्तुगीज होते आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. पगार, पाव, बटाटा, बिजागरी हे शब्द पोर्तुगीजांमुळेच आपल्याकडे आले. स्पॅनिशमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे देणं, ‘पान’ म्हणजे पाव, ‘बिसाग्रा’ म्हणजे बिजागरी.

म्हणजे स्पॅनिश फुकटात येते असं नाही. क्रियापदांची रूपं डोकं खातात. एकेका क्रियापदाची पन्नासच्या आसपास रूपं पाठ करावी लागतात आणि तिथेच बरेच जण सहाव्या महिन्यात गळतात. पण सहा महिन्यांत गळालेला माणूससुद्धा स्पॅनिश मजकूर मोठ्याने वाचू शकतो, कारण लिहिलं तसं वाचायची ती भाषा आहे. अक्षरं २७, तीही बहुतेक इंग्रजीतलीच.

चिनीबद्दल लोक उगाच घाबरतात, तेही चुकीच्या गोष्टीला. व्याकरण फारच हलकं आहे. लिंग नाही, क्रियापदाची रूपं नाहीत. ‘काल मी जा’, ‘उद्या मी जा’ अशा धर्तीचा कारभार. आकडे तर आपल्याहून सोपे. आपल्या पोरांना एकोणसाठ आणि एकोणसत्तरचा घोळ होतो. चिनीत एकवीस म्हणजे ‘दोन-दहा-एक’, संपलं. उच्चारातही मराठी माणसाला एक मोठा फायदा आहे. चिनी भाषा प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांत जो फरक करते, तो आपण बालवाडीपासून करतो. इंग्रजीत ‘बी’ अक्षराने लिहितात तो चिनी उच्चार खरं तर आपल्या ‘प’जवळचा आहे. म्हणूनच बीजिंग हे चिनी माणसाच्या तोंडी ‘पेइचिंग’ असं ऐकू येतं. ‘चार चोर’ म्हणून बघा. दोन्ही च वेगळे आहेत ना? चिनीतही दोन्ही आहेत. हिंदीवाल्याला चोरातला च शिकवावा लागतो, आपल्याला नाही.

अवघड आहेत ते सूर. आपण ‘हं’ किती प्रकारे म्हणतो ते आठवा. ‘हं?’ म्हणजे काय म्हणालास, ‘हं’ म्हणजे ठीक, आणि आईचा ‘हंऽऽ!’ म्हणजे पुढे बोललास तर बघ. आपल्याकडे असे सूर असतात ते भावनेसाठी. चिनीत प्रत्येक शब्दाला स्वतःचा सूर असतो आणि असे मुख्य सूर चार आहेत. ‘माय’ खाली जाऊन वर आला तर विकत घेणे, वरून खाली आपटला तर विकणे. व्यापार करायला निघालेल्या माणसाची घेणं आणि विकणं यातच गफलत झाली तर काय होईल, ते सांगायला नको.

दुसरी अडचण लिपीची. चीन सरकारच्या २०१३ च्या यादीत नेहमीच्या वापराची चिन्हंच ३५०० आहेत. मोबाइलवर मात्र टाइप करणं वाटतं तेवढं कठीण नाही. आपण रोमन अक्षरांत लिहितो आणि फोन ‘घर’, ‘घार’ असे पर्याय दाखवतो, तसंच तिथेही चालतं. पण पर्यायांतला बरोबर कुठला हे ओळखायला चिन्हं यावीच लागतात.

आता पोटापाण्याकडे. भिवंडी म्हणजे यंत्रमाग आणि गोदामं. काल्हेर, पूर्णा, माणकोलीच्या गोदामांतून बाहेर पडणारे किती खोके चीनहून येतात ते तिथं काम करणाऱ्यांना माहीत आहे. जुने माग काढून रेपियर बसवणाऱ्यांपैकी अनेकांनी चिनी यंत्रं घेतली आहेत. त्यावर इंग्रजी असलं तरी बिघाड समजावून सांगताना, सुटा भाग मागवताना समोरचा माणूस चिनीतच बोलतो. चीनमध्ये शाओशिंगजवळ कचियाओ नावाचं कापडाचं प्रचंड मोठं मार्केट आहे, जणू त्यांची भिवंडी-सुरत. तिथे भारतीय व्यापाऱ्यांचा राबता आहे. ग्वांगझूचा व्यापार मेळा १९५७ पासून भरतो, वर्षातून दोनदा. ज्याच्या घरचे माग आहेत, जो आयात करतो किंवा यंत्रदुरुस्तीच्या धंद्यात आहे, त्याच्यासाठी चिनीचं गिऱ्हाईक खरोखर समोर आहे. पुणे जिल्ह्यात रांजणगावला हायर, चाकणला सानी या चिनी कंपन्यांचे कारखाने आहेत, तिथे दुभाष्याची गरज पडते.

पण ही गरज दिल्ली आणि बीजिंगच्या मूडवर चालते, हे विसरू नका. जून २०२० मध्ये गलवान झालं आणि त्याच महिन्यात ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी आली. त्यात वीचॅटही होतं, ज्यावर चीनचा सगळा धंदा बोलतो. तळेगावला येणारी ग्रेट वॉल मोटर्स २०२२ मध्ये आलीच नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात परदेशी भाषांमध्ये चिनीचं नाव होतं, जुलै २०२० च्या अंतिम धोरणात ते गेलं आणि स्पॅनिशचं राहिलं. २०२५ च्या ऑक्टोबरपासून थेट विमानं पुन्हा सुरू झाली. सहा वर्षं घालून भाषा शिकायची आणि मधल्या पाच वर्षांत दारच बंद, असं ज्यांच्या वाट्याला आलं त्यांचा काही दोष नव्हता. उलट्या बाजूने असंही आहे की शिकणारे कमी झाल्यामुळे चांगली चिनी येणारी माणसं कमी आहेत आणि व्यापार काही थांबलेला नाही.

स्पॅनिशच्या नोकऱ्या वेगळ्या प्रकारच्या. ठाणे, ऐरोली, पुण्याच्या कंपन्यांत परदेशी ग्राहकांचे फोन, बिलं, कागदपत्रं सांभाळायची कामं. चाकणला स्पेनच्या सीआयई ऑटोमोटिव्हचं काम आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात वडोदऱ्याला टाटा आणि एअरबसचा विमान कारखाना सुरू झाला, त्याच्या उद्घाटनाला स्पेनचे पंतप्रधान आले होते. या कामांत एक गोष्ट आधी विचारून घ्या, ती म्हणजे वेळ. मेक्सिकोत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. तिथल्या ग्राहकांचं काम म्हणजे रात्रपाळी. गणेशपुरीच्या मुलीने भाषा छान शिकली आणि घरी परतायला गाडीच नाही, असं होऊ शकतं. स्पेनचं काम असेल तर दुपारी सुरू होतं. चीनची घड्याळं आपल्यापुढे अडीच तास, म्हणजे पहाटे उठावं लागेल पण रात्री घरी.

आणि मोबाइल? फोनचा कॅमेरा चिनी पाटीवर धरला की भाषांतर समोर येतं. त्यामुळे थोडीफार भाषा येणाऱ्याला आता कुणी पगार देत नाही. मशीनला जमणार नाही इतकी चांगली यावी लागते, म्हणजे घासाघीस करता येणं, तक्रार करणाऱ्याला शांत करणं, करारातली मेख ओळखणं. स्पॅनिशची डेले नावाची परीक्षा स्पेन सरकारच्या वतीने सर्व्हांतेस संस्था घेते, दिल्लीत तिचं केंद्र आहे. ए-१ ते सी-२ अशा सहा पातळ्या असतात. ए-१, ए-२ वर नोकरी मिळेल असं कुणी सांगितलं तर सरळ उठून या. बी-२ पासून पुढे बोलणं सुरू होतं. चिनीच्या एचएसके परीक्षेच्या आतापर्यंतच्या रचनेत पहिल्या पातळीला फक्त १५० शब्द, चौथीला १२०० आणि सहावीला ५००० लागत. तीन महिन्यांच्या क्लासने तुम्ही दीडशे-तीनशे शब्दांपर्यंत पोचता. फी भरण्याआधी क्लासला एवढंच विचारा की तुमच्याकडून बी-२ किंवा एचएसके चार किती जण झाले आणि त्यांचे निकाल दाखवता का.

आमचं मत विचाराल तर : नोकरी किंवा कॉलेज सांभाळून, दिवसाला एक तास देऊ शकणाऱ्याने स्पॅनिश घ्यावी. अर्धवट सुटली तरी हातात काहीतरी राहतं आणि गाडी ट्रॅफिकमध्ये अडकते तो वेळ ऐकण्याच्या सरावाला वापरता येतो, अंजूरफाट्याच्या कृपेने त्याची कमतरता नाही. चिनी अर्धवट येणं म्हणजे न येणंच. ती घ्यायची तर धंदा हाताशी हवा, नाहीतर तीन वर्षं पूर्णवेळ द्यायची तयारी.

पूर्णवेळ शिकून काय होतं याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सोलापूरसारख्या कापडगिरण्यांच्या गावातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथेच भाषा शिकले, चिनी सैनिकांवर उपचार केले, चिनी परिचारिकेशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर १९४६ मध्ये सिनेमा काढला. चीनमध्ये आजही त्यांचं नाव घेतात.

बारावीनंतर पूर्णवेळ शिकायचं असेल तर खासगी क्लासपेक्षा चांगला रस्ता आहे आणि तो आपल्या भागात फार कमी मुलांना माहीत असतो. दिल्लीच्या जेएनयूमध्ये स्पॅनिश आणि चिनी, दोन्हींत बीए ऑनर्स करता येतं. आधी ती भाषा यायलाच हवी अशी अट पहिल्या वर्षाला नाही. फी खासगी कॉलेजांच्या मानाने अगदीच कमी. शांतिनिकेतनच्या विश्वभारतीत १९३७ पासून चीना भवन आहे. पुण्यात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. यंदा कोणत्या भाषेचे वर्ग आहेत ते तिथे फोन करून विचारावं. जेएनयूचा प्रवेश सीयूईटी परीक्षेतून होतो आणि तिचा अर्ज बारावीचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी भरावा लागतो. त्यामुळे यंदा बारावीला असलेल्यांनी एनटीएच्या वेबसाइटवर जाऊन अर्जाची तारीख आत्ताच बघून ठेवावी.