रविवारी डोके दुखते का?

गेल्या महिन्यात ओपीडीत चाळिशीतले एक गृहस्थ आले. खासगी कार्यालयात हिशेबाचे काम. दुपारी तीननंतर डोके जड होते, डोळे चुरचुरतात, आकडे चुकतात. त्यावरून साहेबांची बोलणीही खाल्लेली. चार महिने जवळजवळ रोज वेदनाशामक गोळी, त्यामुळे आता पोटात जळजळ. रक्तदाब ठीक, चष्म्याचा नंबर ठीक. "सीटी स्कॅन करून घेऊ का?" त्यांनी विचारले. मी उलट विचारले, "रविवारी दुखतं का?" ते थबकले. "नाही हो डॉक्टर. सुट्टीत नाही दुखत."

खोलीत बारा माणसे, दोन स्प्लिट एसी, खिडक्या कायम बंद.

एसी ताजी हवा देतो, असा बहुतेकांचा समज असतो. भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, थंड करतो आणि पुन्हा खोलीतच सोडतो. बाहेर जाते ती फक्त उष्णता. आपल्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, बाहेरच्या हवेत जेमतेम ०.०४ टक्के. बंद खोलीत हा वायू वाढला, की हवा शिळी झाली असे समजावे. त्याच हवेत रंग-फर्निचरच्या वाफा असतात आणि कोणी खोकत असेल तर त्याचे जंतूही. रोज क्षयरुग्ण पाहणाऱ्या मला हे शेवटचे जास्त खुपते.

अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी २४ जणांना सहा दिवस प्रयोगासाठीच्या कार्यालयात बसवले आणि त्यांना न सांगता हवा बदलत ठेवली. भरपूर ताजी हवा आणि कमी रासायनिक वाफा असलेल्या दिवशी विचारशक्तीच्या चाचणीत जवळपास दुप्पट गुण मिळाले. माणसे थोडीच होती, त्यामुळे 'दुप्पट' हा आकडा मी पाठ करणार नाही. पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

अर्थात अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी, सोबत उलट्या, अंधुक दिसणे किंवा हातापायातली ताकद जाणे, यात हवेला दोष देत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.

या गृहस्थांना मी केसपेपरवरच लिहून दिले : जेवणाच्या सुट्टीत एसी बंद करून समोरासमोरच्या खिडक्या वीस मिनिटे उघडाव्यात, एक्झॉस्ट फॅन बसवावा, गोळी थांबवावी. पंधरा दिवसांनी ते आले. गोळी सुटली होती, डोकेदुखी आठवड्यातून एखाद्या दिवसावर आली होती. खिडक्या आता रोज उघडतात. एक्झॉस्ट फॅनचा अर्ज मात्र अजून साहेबांच्या टेबलावर आहे.