एका सामन्याचा हंगाम

माझ्याकडे एक जुनी दोनशे पानी वही आहे. तिच्या एका पानावर पेन्सिलीच्या रेघा आहेत, चार उभ्या आणि पाचवी तिरपी, अशा जुड्या. घोटा मुरगळल्यामुळे त्या दिवशी मी बाकावर होतो आणि सरांनी माझ्या हातात वही दिली होती. स्कोअरशीटवर रिंगमध्ये गेलेल्या बॉलची नोंद होते, हुकलेल्या शॉटची होत नाही. हातातून निसटलेल्या बॉलचीही होत नाही. ते सगळं मी वहीत लिहायचं, असं ठरलं होतं.

घाटावरच्या एका लहान कॉलेजचा आमचा बास्केटबॉलचा संघ. बुलडाण्याहून अमरावती दोनशे किलोमीटरच्या आसपास पडते. आदल्या दिवशी एसटीने निघालो, रात्री एका हॉलमध्ये सतरंज्यांवर झोपलो आणि सकाळी साडेनऊला सामना खेळलो. 71-26. दुपारच्या गाडीने परत. अकोला मागे पडल्यावर शेजारचा पोरगा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आपण एवढे खराब आहो का बे?"

कोणी उत्तर दिलं नाही. आमच्याकडे उत्तर नव्हतंच, कारण वर्षभरातला आमचा तो एकुलता एक सामना होता. आपण कितपत खेळतो हे ठरवायला दुसरं मोजमापच नव्हतं. त्या पोराच्या प्रश्नावर मी पुढे बरीच वर्षं विचार केला.

जगात या प्रश्नावर सर्वांत जास्त डोकं अमेरिकेने चालवलं आहे. डिसेंबर 1891 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. पुढच्या काही दशकांत तो तिथल्या लहानमोठ्या सगळ्या कॉलेजांत पसरला आणि लगेच तंटा उभा राहिला. तीस हजार विद्यार्थ्यांचं विद्यापीठ आणि आठशे विद्यार्थ्यांचं गावातलं कॉलेज यांना एका मापाने कसं मोजायचं? 1937 मध्ये कॅन्सस सिटीत खास लहान कॉलेजांसाठी स्पर्धा सुरू झाली. एनएआयए ही संघटना त्यातूनच उभी राहिली. एनसीएए या मोठ्या संघटनेने 1973 मध्ये आपल्या कॉलेजांचे तीन डिव्हिजन केले. पहिल्यात आज साडेतीनशेच्या वर कॉलेजं आहेत, तिसऱ्यात चारशेच्या वर. तिसऱ्या डिव्हिजनला खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. पोरगा शिकायला येतो आणि शिकता शिकता खेळतो. पण त्याचाही हंगाम पंचवीसेक सामन्यांचा असतो, आणि शेवटी त्याच्या डिव्हिजनचं स्वतःचं राष्ट्रीय विजेतेपद असतं. तिथला लहान संघ लहान असतो, पण आपण किती पाण्यात आहोत हे त्याला नेमकं ठाऊक असतं.

आपल्याकडे डिव्हिजन नाहीत असं आपण म्हणतो, पण ते खरं नाही. आपल्याकडेही आहेत, फक्त ते खेळाच्या ताकदीवर न पाडता अभ्यासक्रमावर पाडलेले आहेत.

खामगाव-शेगावचाच भाग घ्या. अकरावी-बारावीचा पोरगा शालेय स्पर्धांत एकोणीस वर्षांखालील गटात खेळतो. आधी तालुका, मग जिल्हा, मग राज्याच्या आठ क्रीडा विभागांपैकी आपला अमरावती विभाग आणि त्यानंतर राज्य. तोच पोरगा बीएस्सीला गेला किंवा शेगावच्या संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात लागला की तो संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत येतो. हे विद्यापीठ 1 मे 1983 रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं आणि त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलडाणा असे पाच जिल्हे येतात. त्याचा दोस्त खामगावच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमाला गेला, तर त्याच्या स्पर्धा डिप्लोमावाल्यांच्या वेगळ्या संघटनेकडे. कृषीचा विद्यार्थी अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडून खेळणार. बुलडाण्यात 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथले विद्यार्थी खेळले तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून खेळणार.

म्हणजे संध्याकाळी एकाच सिमेंटच्या कोर्टवर, एकाच बोर्डाखाली खेळणारे पाच मित्र असतील, तर स्पर्धेत त्यांची एकमेकांशी गाठ कधीच पडत नाही. आपल्याच गावातला डिप्लोमाचा संघ आपल्यापेक्षा भारी आहे की हलका, हे डिग्रीच्या संघाला शेवटपर्यंत कळत नाही. उलट त्याचा एकुलता एक सामना पडतो तो दोनशे किलोमीटरवरच्या, कधी न पाहिलेल्या संघाशी.

पडतोही तो बाद पद्धतीने. सोपं गणित आहे. 32 संघ असतील तर विजेता ठरायला 31 सामने लागतात, आणि त्यातले 16 संघ एकेक सामना खेळून घरी जातात. शेवटच्या चार संघांत साखळी खेळवण्याची रीत आहे, तिला नॉकआऊट-कम-लीग म्हणतात. पण साखळीची खरी गरज ज्यांना आहे ते तोवर एसटीत बसलेले असतात. याचा फटका नुसत्या हरण्यापुरता नाही. आपल्याकडे जिंकलेलं कॉलेज पुढे जात नाही. निवड होते, विद्यापीठाचा बारा जणांचा संघ बनतो आणि तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला किंवा राज्यातल्या विद्यापीठांच्या 'अश्वमेध' महोत्सवाला जातो. जो त्या संघातून खेळला तो कलर होल्डर, आणि त्याच्या अंगावर विद्यापीठाचा कोट. आता सांगा, मेहकरचा किंवा लोणारचा एखादा हुशार गार्ड निवडकर्त्यांना किती वेळ दिसतो? एक सामना, चाळीस मिनिटं. तीही हरणाऱ्या संघात, जिथे त्याच्याकडे बॉल धड पोचतच नाही.

कधीच समोरासमोर न आलेल्या दोन संघांची तुलना करायची कशी? लोक साखळी लावतात. अ ने ब ला वीसने हरवलं, ब ने क ला पंधराने, म्हणजे अ हा क पेक्षा पस्तीसने भारी. कोर्टच्या कडेला हा हिशेब मी शेकडो वेळा ऐकला आहे आणि तो जवळजवळ दर वेळी चुकतो. पंचवीसची आघाडी झाली की शहाणा कोच आपले पाचही जण बसवतो आणि राखीव पोरं उतरवतो, त्यामुळे वीसचा फरक प्रत्यक्षात चाळीसचा असू शकतो. उलटही होतं. नोव्हेंबर 2012 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, तिसऱ्या डिव्हिजनच्या ग्रिनेल कॉलेजच्या जॅक टेलरने एका सामन्यात एकट्याने 138 गुण केले. जगभर बातमी झाली. पण समोर होतं एक छोटंसं बायबल कॉलेज, आणि एकट्या टेलरने 108 शॉट मारले होते. ग्रिनेलची खेळण्याची पद्धतच तशी होती, पळत सुटायचं आणि मिळेल तिथून मारायचं. 179-104 या निकालावरून टेलर थकला नाही एवढं नक्की कळतं. तो पहिल्या डिव्हिजनमध्ये काय करू शकला असता, याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

याला बरा उपाय म्हणजे गुण न मोजता ताबे मोजायचे. बॉल आपल्याकडे आला, तिथपासून समोरच्याकडे जाईपर्यंत एक ताबा. मारलेले शॉट घ्या, त्यात गमावलेले बॉल मिळवा, फ्री थ्रोंना 0.44 ने गुणून तेही मिळवा आणि आपल्याच हुकलेल्या शॉटवर आपणच घेतलेले रिबाउंड वजा करा. 0.44 कशासाठी? बहुतेक वेळा दोन फ्री थ्रो मिळून एक ताबा संपतो, पण कधी बास्केट झाल्यावर वरचा एकच मिळतो, म्हणून आकडा अर्ध्याहून थोडा कमी. डीन ऑलिव्हर यांच्या 2004 च्या 'बास्केटबॉल ऑन पेपर' या पुस्तकानंतर ही मोजणी सर्वत्र पसरली. ती करायला संगणक लागत नाही, बाकावरचा एक मुलगा आणि एक पेन्सिल पुरते.

आता माझी वही. आमचे शॉट 48, त्यातले 11 आत. फ्री थ्रो 12, आत 4. समोरच्या बोर्डाखाली आम्ही घेतलेले रिबाउंड 9. गमावलेले बॉल 34. हिशेब केला तर साधारण 78 ताबे होतात. 78 पैकी 34 वेळा आम्ही शॉट मारायच्या आधीच बॉल घालवून बसलो होतो. ज्या बॉलवर समोरच्यांनी लगेच लेअप टाकला, त्या रेघेवर मी टिंब दिलं होतं. टिंबं 17, म्हणजे 34 गुण. त्यांच्या 71 मधून ते काढले तर 37 उरतात. आमचे 26. हिशेब थोडा आमच्या बाजूला झुकलेला आहे, कारण बॉल हिसकावणं हीसुद्धा त्यांची कमाईच होती. तरीही 45 गुणांच्या त्या पराभवातले 34 गुण एकाच दुखण्याचे होते, हे खोटं नाही.

ऑलिव्हर जिंकण्याची चार कारणं सांगतात आणि त्यात पहिला मान शूटिंगला देतात, त्यानंतर गमावलेला बॉल, मग रिबाउंड, मग फ्री थ्रो. बरोबरीच्या व्यावसायिक संघांमध्ये तसंच असेल. वेगवेगळ्या पातळीचे संघ भिडतात तेव्हा मात्र मी हा क्रम बदलताना पाहिला आहे. लहान कॉलेजातल्या पोराचा मोकळा शॉट मोठ्या कॉलेजातल्या पोराहून फार वाईट नसतो. रिकाम्या कोर्टवर तासन्‌तास शॉटच तर मारलेले असतात त्याने. सराव नसतो तो अंगावर आलेल्या दोघांमधून बॉल काढण्याचा. "सर, बॉल हातात आला का दोघं आंगावर येतात, पास कोणाले द्याव तेच समजत नाही," हे त्या दिवशी आमचा गार्ड म्हणाला होता. कोर्टभर असं अंगावर येणं म्हणजे फुल कोर्ट प्रेस, आणि तो फोडायला एकट्याने शिकता येत नाही. त्याला समोर पाच जण लागतात, तेही अनोळखी आणि भुकेले. सामनेच लागतात.

मोठ्या संघांचं मोठेपण यातच आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना 1914 ची. त्यांच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात मुलं खेळ शिकायलाच येतात. रोज दोन वेळा मैदान, बारा जण आणि त्यांच्याशी सरावाला भिडणारे आणखी बारा जण. (1936 मध्ये याच मंडळाचं पथक भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं घेऊन बर्लिनला गेलं होतं. बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला तोही 1936 मध्ये, बर्लिनलाच. अंतिम सामना उघड्या मातीच्या मैदानावर, धो धो पावसात झाला. चिखलात बॉल उसळेना, आणि अमेरिकेने कॅनडाला हरवलं ते 19-8 असं. आमच्या उखडलेल्या कोर्टकडे पाहताना मला तो गुणफलक नेहमी आठवतो.) मंडळाच्या अशा संघापुढे बीएच्या तासांनंतर पाऊण तास खेळणारी आमची पोरं उभी राहतात. हरण्यात काही लाज नाही. पण त्या एका पराभवावर वर्षभराचा हंगाम संपतो, हे मला पटत नाही.

लहान संघ मोठ्याला हरवूच शकत नाही असंही नाही. 23 डिसेंबर 1982 रोजी होनोलुलूत शामिनाड या हजाराच्या आत विद्यार्थी असलेल्या कॉलेजने व्हर्जिनिया विद्यापीठाला 77-72 असं हरवलं. व्हर्जिनिया तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर होतं आणि त्यांच्याकडे सात फूट चार इंचांचा राल्फ सॅम्पसन होता. जपानहून परतताना वाटेत खेळलेला हा सामना, हे त्यांचं निमित्त. मला यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. सॅम्पसनला अडवणारा टोनी रँडॉल्फ त्याच्याहून बराच बुटका होता, पण दोघेही एकाच भागातले आणि शाळेत असल्यापासून एकमेकांविरुद्ध खेळलेले. शिवाय शामिनाड एनएआयएमध्ये आपल्या जोडीच्या संघांशी सबंध हंगाम खेळत आलं होतं. त्या रात्री त्यांना समोरचा संघ नवा होता, सामना नवा नव्हता.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात असा हंगाम जमण्यासारखा आहे. तेरा तालुके आहेत. घाटावर बुलडाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा. घाटाखाली मलकापूर, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद. घाटावरची सहा कॉलेजं घेतली, डिग्री-डिप्लोमा-कृषी असा भेद न करता, आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं ठरवलं, तर प्रत्येक संघाला दहा सामने मिळतात. घाटाखालीही तसंच. शेवटी दोन्हीकडचे पहिले दोन-दोन समोरासमोर. सगळे प्रवास दिवसात जाऊन येण्याजोगे.

अडतं कुठे, तर प्रमाणपत्रावर. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि बारावीला सवलतीचे गुण आहेत. दोन्हींसाठी ठरावीक, मान्यताप्राप्त स्पर्धेचा कागद लागतो. रविवारच्या मैत्रीपूर्ण सामन्याचा कागद कोणी विचारत नाही. शेतात सोयाबीनची सोंगणी चालू असताना पोराने कोर्टवर कशाला जायचं, हा बापाचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर पोराच्या हातात नाही. ते उत्तर शारीरिक शिक्षण संचालकांनी, प्राचार्यांनी आणि विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने मिळून द्यायला हवं. जिल्हा साखळीत खेळलेल्या मुलांना निवड चाचणीला थेट बोलावणं, इतकं केलं तरी मैदानं भरतील.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी असा एक सामना लावून दिला. डिग्रीचा संघ विरुद्ध त्याच गावातला डिप्लोमाचा संघ. एका रिंगला जाळी नव्हती, त्यामुळे बॉल आत गेला की बाहेरून गेला यावर तीनदा वाद झाला. पंच म्हणून मीच शिट्टी वाजवली. बाकावर बसलेल्या एका मुलीच्या हातात वही दिली आणि रेघा कशा मारायच्या ते दाखवलं. डिप्लोमावाले 48-43 ने जिंकले. डिग्रीवाल्यांना धक्काच बसला, दोन वर्षं रोज शेजारी खेळत होते ते.

सामना संपल्यावर हरलेल्या संघाचा कॅप्टन पाणी पिता पिता त्या मुलीजवळ गेला. गुण त्याला पाठ होते. त्याने वही मागितली, स्वतःच्या संघाच्या गमावलेल्या बॉलच्या रेघा बोटाने मोजल्या, एकवीस भरल्या. पुन्हा एकदा मोजल्या. मग वही तशीच हातात धरून तो डिप्लोमाच्या पोरांकडे गेला आणि त्यांना विचारलं, पुढच्या रविवारी किती वाजता येता.