दोन तारांतली वजाबाकी

रंगमंचावर माइक, प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला मिक्सर आणि मध्ये पन्नास मीटर केबल. त्या केबलमधून गाणाऱ्याचा आवाज जातो तो जेमतेम काही मिलिव्होल्टच्या रूपात. शेजारूनच दिव्यांच्या २३० व्होल्टच्या वायरी सेकंदाला ५० हेलकावे घेत धावत असतात. एवढ्या दंग्यातून इतका नाजूक सिग्नल स्वच्छ पोहोचतो तरी कसा?

तारांभोवतीच्या तांब्याच्या जाळीमुळे, असं पुष्कळांना वाटतं. जाळी विद्युतक्षेत्र अडवते हे खरं, पण ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रापुढे तिचं फारसं चालत नाही. खरी करामत जाळीच्या आत आहे. तिथे एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा असतात आणि त्या गोंगाटाला अडवतच नाहीत. खुशाल येऊ देतात. पिळामुळे कधी ही तार गोंगाटाच्या जवळ, कधी ती. म्हणून दोघींवर तो सारखाच चढतो. शेवटी मिक्सर एकीतून दुसरी वजा करतो. दोघींत जे सारखं होतं ते शून्य होतं, आणि जो फरक उरतो तेच गाणं!

ही युक्ती टेलिफोनवाल्यांची. सुरुवातीच्या टेलिफोनला एकच तार असे, परतीचा रस्ता म्हणजे जमीन. १८८०च्या दशकात अमेरिकेतल्या शहरांत विजेच्या ट्राम आल्या, त्यांचाही प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून परतू लागला आणि टेलिफोनवर बोलणं मुश्कील झालं. परतीसाठी दुसरी तार घालणं हा त्यावरचा उपाय होता. पीळ घातलेल्या जोडतारेचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्येच घेतलेलं होतं.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. दोन्ही तारांवर एकमेकांच्या उलट सिग्नल असावाच लागतो, हा समज चुकीचा आहे. एका तारेवर सगळं गाणं आणि दुसरी अगदी गप्प, असं असलं तरी गोंगाट कटतो. अट एकच: जमिनीच्या तुलनेत दोन्ही तारांचा अवरोध सारखा हवा. शाळेच्या प्रयोगशाळेतला व्हीटस्टन ब्रिज आठवा. पाठवणाऱ्या यंत्राच्या दोन भुजा, घेणाऱ्याच्या दोन, आणि बॅटरीच्या जागी गोंगाट. भुजांचं प्रमाण जुळलं की सुई हलत नाही.

लॅपटॉप, कीबोर्ड, सीडी प्लेयर यांचं बहुधा असं नसतं. तिथे तार एक आणि जाळी हीच परतीची वाट. दोन यंत्रं वेगवेगळ्या सॉकेटवर लावली की त्यांच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक असतो. मग जाळीतून प्रवाह वाहतो, जाळीच्या रोधामुळे थोडा व्होल्टेज तयार होतो आणि तो थेट गाण्यात मिसळतो. स्पीकरमधून येणारी ती घूंऽऽ म्हणजे हाच.

आता अशा यंत्राच्या आरसीए या एकतारी प्लगमधला सिग्नल मिक्सरच्या एक्सएलआर या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये न्यायचा आहे. एक्सएलआरमध्ये पिन १ जाळीची, पिन २ आणि ३ दोन तारांच्या. सोपा मार्ग म्हणजे एक तार आणि जाळी, आणि एक्सएलआरच्या आत पिन ३ पिन १ला जोडून टाकायची. आवाज येतो, पण वजाबाकी फुकट जाते. त्याऐवजी दोन तारांची केबल घ्यावी. आरसीएचं मधलं टोक पिन २ला, त्याभोवतीचं कडं दुसऱ्या तारेने पिन ३ला, आणि जाळी त्या कड्यापासून पिन १ला. अर्थिंगचा प्रवाह आता जाळीतून जातो. दुसरी तार जवळपास प्रवाह न वाहता फक्त एक बातमी नेते: ‘माझ्याकडची जमीन इथे आहे.’ मिक्सर तेवढी वजा करतो. सोल्डरच्या एका जादा टाक्याने हे साधतं!

उलट दिशेला जरा जपून. एक्सएलआर आउटपुटची पिन २ आरसीएच्या टोकाला, पिन १ कड्याला. पिन ३चं काय करायचं ते यंत्रावर ठरतं. आउटपुटला ट्रान्सफॉर्मर असेल तर ती पिन १ला जोडावीच लागते, नाहीतर वाट पुरी होत नाही. दोन स्वतंत्र अॅम्प्लिफायर असतील तर मोकळी सोडावी, कारण जोडली तर त्यातला एक शॉर्ट होतो. मॅन्युअल बघणं हाच खरा मार्ग. शिवाय व्यावसायिक यंत्रांची नेहमीची पातळी १.२३ व्होल्ट आणि घरगुती यंत्रांची ०.३२, म्हणून आवाज कमी करूनच जोडावं.

घूं घालवायला थ्री-पिन प्लगची अर्थिंग तोडणारे लोक आहेत. कृपा करून हे कधीही करू नका. यंत्रात बिघाड झाला तर माइक धरलेल्या माणसाच्या हातात २३० व्होल्ट येऊ शकतात. हट्टी घूंसाठी ट्रान्सफॉर्मर आहे. त्याच्या दोन वेटोळ्यांत तांब्याचा तांब्याशी कुठेच संबंध नसतो. गाणं चुंबकीय क्षेत्रावर स्वार होऊन पलीकडे जातं आणि अर्थिंगचा प्रवाह अलीकडेच अडतो. ट्रान्सफॉर्मर घेणाऱ्या यंत्राच्या जवळ बसवावा, म्हणजे त्याच्यापुढची केबल आखूड राहते.