खिडकीच्या बाहेरून

एमिली ब्रॉन्टेची ‘वुदरिंग हाइट्स’ ही कादंबरी १८४७ साली आली. तिच्या तिसऱ्याच प्रकरणात अंगावर काटा आणणारा एक प्रसंग आहे. यॉर्कशरच्या उजाड माळरानावर बर्फाचं वादळ सुटलंय आणि लॉकवुड नावाचा पाहुणा एका जुनाट घरात अडकून पडलाय. रात्री झाडाची फांदी तावदानावर आपटत राहते. ती बाजूला करायला तो काच फोडून हात बाहेर घालतो, तर हाताला लागतो एक इवलासा, थंडगार हात. बाहेर कादंबरीची नायिका कॅथरीन, म्हणजेच कॅथी, हिचं भूत आहे आणि ते घरात घ्या म्हणून विनवतंय. हे सगळं स्वप्नात घडतं की जागेपणी, हे लॉकवुडलाही नीटसं कळत नाही.

आपण हा प्रसंग वाचतो तो लॉकवुडच्या बाजूने, म्हणजे खोलीच्या आतून. १३० वर्षांनी, मार्च १९७७ मधल्या पौर्णिमेच्या रात्री, दक्षिण लंडनमध्ये अठरा वर्षांची केट बुश पियानोपाशी बसली आणि खिडकीच्या बाहेर गेली. तिच्या गाण्यात लॉकवुड नाहीच. गाते ती स्वतः कॅथी. थंडीने काकडलेली, प्रियकर हीथक्लिफला हाका मारणारी, आत येऊ दे म्हणणारी. कादंबरीचंच नाव घेतलेलं हे गाणं तिचं पहिलं सिंगल ठरलं आणि ‘द किक इनसाइड’ या तिच्या पहिल्या अल्बममध्ये आलं. त्यात जे जे विलक्षण वाटतं, ते बहुतेक सगळं या एका निर्णयातून निघालंय.

नवल म्हणजे गाणं सुचलं तेव्हा केटने कादंबरी वाचलेलीही नव्हती. तिच्यावर बेतलेल्या, बीबीसीवरच्या १९६७ च्या मालिकेची अखेरची काही मिनिटं तिने पाहिली होती, तेवढीच. कादंबरी हाती आली ती नंतर. पण काही धागे आधीपासूनच जुळलेले होते. लहानपणी घरात तिला कॅथीच म्हणत. आणि तिचा वाढदिवस ३० जुलै, एमिली ब्रॉन्टेचाही तोच.

आता गाण्याकडे वळू. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो तो आवाजाने. इतका उंच, इतका पातळ की जमिनीवर पाय टेकलेल्या माणसाचा तो वाटतच नाही. त्याच अल्बममध्ये केट खालच्या सुरातही सहज गाते. म्हणजे ही उंची निवडलेली आहे, आणि ती शोभते, कारण गाणारी या जगातली नाही.

खरी कमाल त्याहून खोल दडलीय. घरी पेटी असेल तर ती पुढे ओढा. कडवं पांढरी सहाच्या पट्टीत सुरू होतं. पियानोवर चार कॉर्ड ओळीने येतात: पांढरी सहा, पांढरी चार, पांढरी तीन आणि काळी एक. चारही मेजर. पहिली आणि तिसरी घरच्याच. दुसरी आणि चौथी मात्र त्या पट्टीत बसत नाहीत. त्या दोघींमध्ये पांढरी चारचा सूर वाजतो आणि पांढरी सहाला षड्ज मानलं तर तो होतो कोमल धैवत, म्हणजे मेजर सप्तकाबाहेरचा. कडवं ऐकताना वाटणारी विचित्र हुरहुर येते ती इथून. काहीतरी परकं सारखं डोकावून जातंय.

मग ध्रुवपद येतं आणि षड्जच बदलतो. तो जातो काळी एकवर, म्हणजे कडव्यातल्या त्याच चौथ्या, बाहेरच्या कॉर्डवर. पुन्हा पांढरी चार दाबून पाहा. मघाचा उपरा कोमल धैवत आता शुद्ध गंधार झालाय, नव्या घरातला सगळ्यात गोड सूर. पेटीवरची कळ तीच, सूर तोच, पण आपण उभे आहोत ती जागा बदललीय. कडव्यात आठवणी आहेत, माळरानावरच्या, भांडणांच्या, मत्सराच्या. ध्रुवपदात कॅथी थेट खिडकीशी येऊन नाव सांगते. आठवणीत जे बाहेरचं होतं तेच इथे घर होतं. ज्या संगीतात षड्ज शेवटपर्यंत हलत नाही, त्यावर कान घडलेल्या आपल्याला तर हे पायाखालची जमीन सरकल्यासारखंच वाटतं.

तालाचंही तसंच. ध्रुवपदात चार-चारच्या मात्रा मोजायला बसलात तर हिशोब मध्येच मोडतो. सम जिथे यावी असं वाटतं तिथे ती येत नाही, कारण कॅथीला धीरच नाही. शब्द संपला की पुढची हाक आलीच.

ध्वनिमुद्रण लंडनच्या एअर स्टुडिओत झालं, निर्माता अँड्र्यू पॉवेल. पियानो केटचा. गायन तिने एका टेकमध्ये केलं. तुकडे जोडलेले नाहीत. गाणं आता आटोपलं असं वाटतं तेव्हा इयन बेर्नसनची इलेक्ट्रिक गिटार सुरू होते. तोवर पियानोच्या अंगाने चाललेलं गाणं इथे खुलेपणाने रॉक होतं. शब्द थकलेत, पण विनवणी थांबलेली नाही, ती गिटार पुढे नेते. आणि खिडकी? ती उघडलेली आपल्याला ऐकूच येत नाही. गिटार वाजत असतानाच आवाज हळूहळू मावळत जातो.

इएमआय कंपनीला पहिलं सिंगल म्हणून ‘जेम्स अँड द कोल्ड गन’ हे सरळसोट रॉक गाणं हवं होतं. केट अडून बसली. पदार्पण करणाऱ्या मुलीने एवढ्या मोठ्या कंपनीपुढे असं ठाम उभं राहणं सोपं नव्हतं. जानेवारी १९७८ मध्ये अखेर तिच्या मनासारखं झालं. मार्चमध्ये या गाण्याने ‘अब्बा’ला मागे टाकून ब्रिटनच्या यादीत पहिला क्रमांक पटकावला आणि चार आठवडे तो सोडला नाही. स्वतः लिहिलेलं आणि स्वरबद्ध केलेलं गाणं गाऊन तिथे पोहोचलेली ती पहिली स्त्री.

आपल्याकडे दिलीपकुमारचा ‘दिल दिया दर्द लिया’ याच कादंबरीवर बेतलेला. जगभर तिच्यावर चित्रपट निघाले, नाटकं झाली. बहुतेकांनी कथा सांगायला तास-दोन तास घेतले. केटने साडेचार मिनिटांत कथा सांगितलीच नाही, फक्त बोलणारी व्यक्ती नेमकी निवडली. मग आवाज किती उंच हवा, षड्ज कुठे हलायचा, ताल कुठे मोडायचा, हे तिला त्या व्यक्तीनेच सांगितलं. नवं गाणं लिहायला बसलेल्या कुणालाही शिकण्यासारखी गोष्ट हीच: विषय सगळ्यांना ठाऊक असला तरी हरकत नाही. तो कुणाच्या तोंडून ऐकायचा राहिलाय, तेवढं शोधा.